काचेवरचं नाणं

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ओंटारिओ सरोवराच्या काठी वसलेल्या रॉचेस्टरमध्ये एका हिवाळ्यात सरासरी अडीच मीटर बर्फ पडतो. सरोवरावरून येणारा वारा ओल उचलून आणतो आणि जमिनीवर आला की तिथेच ती टाकून देतो. नोव्हेंबर संपता संपता सुरू झालेलं हे प्रकरण एप्रिल उजाडला तरी पुरतं आवरत नाही. अशा गावात एवढे महिने माणसांनी एकमेकांना भेटायचं कुठे, या प्रश्नाला विसाव्या शतकातल्या कामगारांनी शोधलेलं उत्तर म्हणजे बोलिंग ॲली. लांबट, सपाट छपराची, खिडक्या नसलेली इमारत. पुढे गाड्या लावायला ऐसपैस जागा. आत ओळीनं लेन, प्रत्येक लेनच्या टोकाला दहा पिना, एका अंगाला काउंटर आणि बार, आणि सगळीकडे तळणाचा वास. आमच्या उपनगरातल्या अशाच एका ॲलीच्या कोपऱ्यात व्हिडिओ गेमचं आर्केड होतं. अमेरिकेशी माझी खरी ओळख त्या कोपऱ्यात झाली. या फेब्रुवारीत आईकडे गेले होते, तेव्हा तिथे पुन्हा गेले.

रॉचेस्टर हे कोडॅकचं गाव. १९८२ च्या सुमारास या परिसरातली साठ हजारांवर माणसं एकट्या कोडॅकमध्ये कामाला होती. १९१२ पासून कंपनी नफ्यातला वाटा कामगारांना देत असे. मार्चमध्ये ती रक्कम हाती पडायची वेळ आली की मोटारविक्रेते आणि फर्निचरवाले वर्तमानपत्राची पानं जाहिरातींनी भरून टाकत. फिल्म, लेन्स, झेरॉक्स, असं उजेड आणि चित्र यांच्याशी नातं असलेलं बरंच काही या गावानं जगाला दिलं. आमचे बाबा सांगलीहून आले ते लेन्सच्याच एका कारखान्यात इंजिनियर म्हणून. ते आधी आले, मग आई, मी आणि धाकटा भाऊ. मी तेव्हा पाचवीत होते आणि मला इंग्रजी वाचता येत होतं, बोललेलं कळत नव्हतं.

त्या काळी कारखान्यातल्या प्रत्येक खात्याची बोलिंगची टीम असायची. बाबांच्या खात्याची लीग मंगळवारी संध्याकाळी. पाचांच्या टीममध्ये एक माणूस कमी पडत होता म्हणून त्यांना ओढून नेलं, आणि दोन लहान मुलांना घेऊन आईनं बर्फात घरी एकटं कशाला बसायचं म्हणून आम्हीही जायला लागलो. सांगलीच्या आमच्या नातेवाइकांना हे कळवलं असतं तर त्यांना ते पसंत पडलं नसतं. जिथे बिअर मिळते आणि जिथे सिगारेटच्या धुरातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, अशा ठिकाणी बायकामुलांना कोण नेतं? (न्यूयॉर्क राज्यानं अशा जागांमधली सिगारेट बंद केली ती २००३ साली. तोवर ॲलीतून घरी आलं की कोटसुद्धा बाहेर टांगावा लागे.) पण आईनं एकदाही कुरकूर केली नाही, आणि त्याला कारण होतं.

तेव्हा स्कोअर हातानं लिहीत. लेनच्या मागच्या टेबलात दिवा बसवलेला असे. त्यावर पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीनं आकडे लिहिले की ते वरच्या पडद्यावर मोठे होऊन सगळ्यांना दिसत. बोलिंगचा हिशेब सरळ नाही. पहिल्याच चेंडूत दहाच्या दहा पिना पडल्या तर ती स्ट्राइक, आणि तिच्या दहा गुणांत पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळवायचे. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या तर स्पेअर, आणि त्यात पुढच्या एका चेंडूचे. म्हणजे आत्ताच्या घरातला आकडा पुढच्या चेंडूवर अडून राहतो, आणि दोन-तीन स्ट्राइक सलग लागल्या की दिवसभर लेथवर उभं राहून आलेली माणसं बेरजेत हमखास अडखळतात. आई गणितात बीएस्सी. दुसऱ्या-तिसऱ्या मंगळवारी तिनं बाबांच्या हातातली पेन्सिल घेतली ती परत दिलीच नाही. थोड्याच दिवसांत शेजारच्या लेनवरची टीमही आपला कागद तिच्याकडे सरकवू लागली. ज्या बाईला दुकानात दुधाचा डबा मागताना घाम फुटत होता, ती पाच-सहा धिप्पाड गोऱ्या माणसांना तोंडी आकडे सांगून गप्प करत होती. तिच्या इंग्रजीची सुरुवात आकड्यांपासून झाली. शेजारच्या बायकांशी बोलणं पुढे आपोआप आलं.

आई तिकडे गुंतली की बाबा माझ्या हातावर थोडी क्वार्टर ठेवत, पाव डॉलरची नाणी. ती घेऊन मी आर्केडमध्ये जायचे.

आर्केड म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि वर मंद दिवा असलेली, दिवाणखान्याएवढी जागा. कार्पेटवर ग्रह आणि धूमकेतू काढलेले. मिस पॅक-मॅन होती, डाँकी काँग होता, एक पिनबॉल होतं, आणि भिंतीला लागून गॅलागा. गॅलागा १९८१ सालचा, नामको या जपानी कंपनीचा खेळ, अमेरिकेत मिडवेनं आणलेला. पडद्याच्या तळाशी तुमचं एकुलतं विमान, आणि वरून वळसे घेत, रांगा धरत उतरणारे किड्यांच्या आकाराचे शत्रू. त्यांच्यातला जो म्होरक्या, तो मध्येच निळा झोत सोडतो आणि त्यात तुमचं विमान वर ओढून नेतो. तुमचा एक जीव जातो. पण पुढच्या विमानानं तो म्होरक्या नेमका टिपला, आणि टिपताना आपल्याच कैद झालेल्या विमानाला धक्का लागू दिला नाही, तर ते सुटून खाली येतं, तुमच्या शेजारी जोडलं जातं आणि तिथून पुढे एका वेळी दोन नळ्यांतून मारा सुरू होतो. म्हणजे चांगला खेळणारा पहिलं विमान मुद्दाम पकडू देतो. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तेव्हा कळलं नसतं. एक मोठा मुलगा खेळत होता, मी त्याच्या कोपराशी उभी होते. त्यानं एकदा ते केलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या वेळी पुन्हा केलं, सावकाश, मला दिसेल असं. सांगलीच्या तालमीत कट्ट्यावर बसून पोरं डाव शिकतात, तसंच होतं ते. शाळेत त्या वर्षभरात मला इतकं नीट कुणी काही शिकवल्याचं आठवत नाही.

आर्केडचा एक कायदा होता, आणि तो अमेरिकाभर सारखाच होता हे मला पुष्कळ नंतर समजलं. ज्याला पुढचा नंबर हवा त्यानं आपलं क्वार्टर पडद्याखालच्या कडेवर, काचेला टेकवून ठेवायचं. दोघं थांबले असतील तर दोन नाणी, तिघं असतील तर तीन. नाणं ठेवलं की तुम्ही खुशाल दुसरीकडे जा, काहीतरी खाऊन या, नंबर तुमचा. कुणी नाणं चोरत नसे आणि कुणी मधे घुसत नसे. मी मुलगी होते, काळी होते, दोन वेण्या घालून येत होते, आणि शाळेच्या बसमध्ये या तिन्ही गोष्टींवरून मला रोज काही ना काही ऐकावं लागे. इथे माझं नाणं कडेवर दुसरं असेल तर माझा नंबर दुसरा. नाव विचारत नसत. कुठून आलीस, असं विचारत नसत. न्याय हा शब्द मी शिकले तो पुस्तकात, पण तो पहिल्यांदा हाताला लागला तो त्या कडेवर, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे.

या इमारतींचा भूतकाळ मात्र इतका स्वच्छ नाही, आणि तो सांगितल्याशिवाय वरचं वाक्य अर्धं राहील. अमेरिकन बोलिंग काँग्रेस या संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांसाठी राखलेलं होतं. कामगार संघटना आणि नागरी हक्कांसाठी झगडणारे लोक वर्षानुवर्षं मागे लागले, खटले झाले, तेव्हा कुठे १९५० साली ते कलम गेलं. ज्या लीगमध्ये सांगलीचा माणूस पाचवा म्हणून उभा राहिला आणि त्याच्या बायकोनं स्कोअर लिहिला, ती लीग कुणीतरी आधी भांडून उघडून ठेवलेली होती. आम्हाला ते माहीत नव्हतं. मला वाटतं, परदेशात येऊन आपल्या हुशारीवर उभे राहिलो असं म्हणणाऱ्या आपल्या पिढ्यांना हे ठाऊक असायला हवं.

गॅलागावर पहिल्या पाच जणांची यादी दिसे, प्रत्येकाची तीनच अक्षरं. मी त्या यादीत यायला लागले तेव्हा ए, ए, आय अशी अक्षरं टाकायचे. शेजारी उभ्या असलेल्या कुणाला त्याचा अर्थ लागणं शक्य नव्हतं. ती यादी जपून ठेवायची सोय त्या यंत्रात नव्हती. रात्री वीज बंद झाली की सगळी नावं पुसली जात आणि सकाळी सगळे पुन्हा शून्यावर. लहानपणी याचं फार वाईट वाटे. आता वाटतं, दर मंगळवारी कोरी यादी मिळणं हीच तिथली मोठी गोष्ट होती. आदल्या आठवड्याच्या बळावर कुणाची तिथे मिजास चालत नसे.

आता तिथे काय आहे ते सांगते. छताचे चौकोन ओलीनं पिवळे पडलेत, दोन तर काढूनच टाकलेत आणि वरचे पाइप दिसतात. कार्पेटवरचे ग्रह दारापासून काउंटरपर्यंतच्या वाटेवर झिजून गेलेत. सुट्टे देणारं यंत्र बंद आहे. खेळणी उचलणाऱ्या पंजाचं एक यंत्र, मोटार शर्यतीच्या दोन खुर्च्या, त्यातली एक चालू, आणि कागद चिकटवलेलं पिनबॉल. डाँकी काँगच्या जागी रिकामा चौकोन आहे, तिथलं कार्पेट अजून नव्यासारखं निळं. गॅलागा आहे. चालूही आहे. पण चित्राचे रंग उतरलेत, आणि गेल्या चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा एकाच जागी उमटलेली अक्षरं काचेत कायमची बसलीत, खेळ चालू असतानाही मागे फिकट दिसत राहतात.

त्या पडद्याच्या आत पिक्चर ट्यूब असते, जुन्या टीव्हीतली. ती गेली की दुसऱ्या मेलेल्या यंत्रातली काढून बसवायची, एवढाच उपाय. नवी आता बाजारात मिळत नाही. या धंद्याच्या शेवटच्या टप्प्यात आपली एक कंपनीही होती, हे मराठी वाचकांना कदाचित आठवत असेल. औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा अख्खा धंदा विकत घेतला होता, परदेशातल्या कारखान्यांसकट. तेव्हा दुकानांत सपाट पडदे येऊन बसलेले होते. फिल्मच्या गावात वाढल्यामुळे असेल, पण संपत आलेल्या तंत्रावर पैज लावणाऱ्या माणसांना मला हसता येत नाही. रॉचेस्टरमध्ये कोडॅक पार्कच्या मोठमोठ्या इमारती २००७ साली सुरुंग लावून पाडल्या, ते पाहायला लोक खुर्च्या घेऊन जमले होते. त्यातल्या कित्येकांनी त्याच इमारतींत पगार घेतलेला होता.

आई माझ्याबरोबर आली होती. मी नुसती बघून येते म्हटलं तर म्हणाली, "नुसती कशाला? मलाही ने. माझंही काही आहे तिथे." गुडघ्यांमुळे तिला हळूहळू चालावं लागतं. काउंटरवरच्या मुलानं आम्हाला बूट कोणत्या मापाचे हवेत विचारलं आणि आईनं त्याला सांगितलं की आम्ही खेळायला आलो नाही, मागच्या मेकॅनिकला बोलव. तो आला. सत्तरीच्या आसपासचा माणूस, हाताला काळं ग्रीस. आईकडे दोन क्षण पाहत राहिला आणि मग तिला नावानं नाही, स्कोअरवाली बाई म्हणून ओळखलं. बाबा गेल्याचं त्याला माहीत होतं. त्याच्या लीगमधल्या जुन्या लोकांची एक यादीच त्यानं आईला तोंडी दिली, कोण आहे आणि कोण नाही.

तो आम्हाला लेनच्या मागे घेऊन गेला. पाडलेल्या पिना उचलून पुन्हा मांडणारी यंत्रं तिथे ओळीनं उभी असतात. एकेकाळी हे काम मुलं करत, पडलेल्या पिनांमागे उकिडवी बसून, अंगावर चेंडू झेलायची तयारी ठेवून. १९४६ मध्ये एएमएफ कंपनीनं पिना मांडणारं यंत्र पहिल्यांदा लोकांना दाखवलं ते इथून तासाभरावरच्या बफेलोमध्ये, आणि पन्नाशीच्या दशकात ती यंत्रं देशभर पोचली. बोलिंग ॲलींची भरभराट त्यानंतरची. आमच्या ॲलीतली यंत्रं जुनी आहेत, पट्टे, गिअर, साखळ्या असलेली, कानात कापूस घालावा एवढा आवाज करणारी. शेवटच्या दोन लेन त्यानं कायमच्या बंद ठेवल्यात. त्यांच्या यंत्रांचे भाग काढून तो बाकीच्या चालवतो. नव्या ठिकाणी आता पिनांना वरून दोऱ्या बांधलेल्या असतात, दोरी ओढली की पिन उभी. स्वस्त पडतं, मेकॅनिकही लागत नाही. मालकाच्या मनात तेच आहे. आर्केडची जागा मोकळी करून तिथे कार्डावर चालणारे, तिकिटं देणारे खेळ आणायचेत, असंही तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गॅलागा तोच दुरुस्त करतो, ते त्याच्या कामात नसतानाही.

अशा जागा का बसल्या याचं उत्तर रॉबर्ट पटनम या राज्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये एका निबंधात दिलं होतं आणि पुढे त्याचंच पुस्तक झालं. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग करणारे दहा टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. माणसं खेळत होती, फक्त दर आठवड्याला त्याच चौघांबरोबर खेळायला तयार नव्हती. मालकाचा धंदा त्यामुळे बुडतो, कारण लीगवाले एकेकट्यांच्या तिप्पट बिअर आणि पिझ्झा घेतात, आणि नफा तिथेच असतो. पटनमचं म्हणणं मला पटतं, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. आमच्या गावात लीग मोडल्या त्या माणसं एकलकोंडी झाली म्हणून नाही. कारखान्याचं खातंच बंद झालं तर खात्याची टीम कुठून राहणार? बाबांच्या टीमचं तेच झालं. एकेक करत माणसं कमी झाली, दुसऱ्या राज्यांत गेली, आणि एका सप्टेंबरात टीमचं नाव यादीत आलं नाही. माझी क्वार्टर त्या टीमच्या जिवावर होती, हे मला आत्ता, या वयात लख्ख दिसतं. मोठ्यांना एकत्र येण्याचं कारण होतं म्हणून मुलांना तो कोपरा मिळाला होता.

गंमत अशी की हे सगळे खेळ जपून ठेवणारी देशातली एक उत्तम संस्था याच गावात आहे. स्ट्राँग म्युझियम, म्हणजे राष्ट्रीय खेळ संग्रहालय. मार्गारेट स्ट्राँग या बाईंनी जमवलेल्या बाहुल्या आणि खेळण्यांपासून ते सुरू झालं, आणि त्यांच्या संपत्तीत कोडॅकच्या शेअरचा मोठा वाटा होता. जागतिक व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम तिथे २०१५ मध्ये उभं राहिलं. पहिल्याच वर्षी पॅक-मॅन त्यात गेला, २०२२ मध्ये मिस पॅक-मॅन. तिथली यंत्रं निगा राखलेली, रंग ताजे, काही तर खेळताही येतात. मी भावाच्या मुलांना घेऊन गेले आहे आणि पुन्हा जाईन. ते काम मोलाचं आहे. पण तिथे शिरायचं तर तिकीट काढावं लागतं, आणि सगळे आपापल्या घरच्यांबरोबर येतात. अनोळखी मुलाच्या कोपराशी तासभर उभं राहायला तिथे कुणाला सवड नसते. यंत्र वाचवता येतं. दर मंगळवारी तिथे असणारा तो मुलगा संग्रहालयात कसा ठेवणार?

म्हणून माझं ठाम मत असं की या पडक्या जागा हळहळून जगणार नाहीत, गिऱ्हाइकानं जगतील. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. मुलांचे वाढदिवस आपण शहराबाहेरच्या झगमगीत ठिकाणी करतो, कार्डात पैसे भरतो, दोन तासांत बाहेर पडतो. एखादा वाढदिवस जुन्या ॲलीत करून बघा. त्याहून बरं म्हणजे ऑफिसातल्या किंवा मंडळातल्या चार जणांची टीम करा आणि लीगमध्ये नाव घाला. चांगलं खेळता यायची गरज नाही. कच्च्या खेळाडूला वरून मिळणारे हँडिकॅपचे गुण त्यासाठीच असतात. मुलांना बरोबर न्या आणि हातावर थोडी नाणी ठेवून त्यांना एकटं सोडा. नुकतं या देशात आलेलं, अजून भाषा न फुटलेलं कुणी ओळखीत असेल तर त्याला आधी न्या.

आमच्या ॲलीत मंगळवारची लीग अजून चालू आहे. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, टीमची नावं ऑगस्टमध्ये घेतात.